हजर नसलेल्याचं बक्षीस

शनिवार, संध्याकाळ

हे गेले, म्हणून सोसायटीच्या कोजागिरीच्या लकी ड्रॉची तिकिटं यंदा मी बनवली. मोबाइलवर तयार डिझाइन उघडलं. त्यात जोकर होता, तो राहू दिला. मजेशीर ओळ मात्र सुचेना. शेजारची मंदा म्हणाली, "भाऊजींचीच टाक वं, मागच्या वर्षी लोक लय हसले होते."

टाकली. 'जो हजर नसन, त्याचं बक्षीस त्याच्या बायकोले.'

फोन सारखा 'नसन'चं 'नसेल' करत होता. मी तीनदा परत 'नसन' केलं. हसू आलं नाही. रडू तरी यायला पाहिजे होतं का? तेही नाही. नुसतं 'नसन' नीट दिसते का, तेवढं पाहिलं.

प्रिंट आणल्यावर पहिलं तिकीट सवयीनं यांच्याच नावानं फाडलं. लागलं तर मलेच.