मोहरीची पिशवी

अंबरनाथ पूर्व
१९ जानेवारी २०२५

ती. इंदुआत्यांस,
सा. न. वि. वि.

तेवीस वर्षांपूर्वी तुम्ही तुमच्या भाच्यासाठी मला बघायला आला होतात, तेव्हा चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला होतात, "मुलगी अंगाने भरलेली आहे, फोटोत छान येईल." त्या एका वाक्यावर आमचं लग्न ठरलं, असं उन्मेष अजून सांगतो. परवा आरशासमोर उभी असताना ते आठवलं आणि एकटीच हसले. मग दार लावून थोडी रडलेही, पण हे कोणाला सांगू नका.

ऑपरेशनला वर्ष होत आलं. डावी बाजू सपाट आहे, तब्येत उत्तम आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढे दोन रस्ते आहेत. पोटाचं मांस वर घेऊन नवीन स्तन घडवायचा, नाहीतर सिलिकॉनचा तयार स्तन खिशाच्या ब्रामध्ये घालून वापरायचा. काही केलंच पाहिजे असं नाही आणि घाई तर मुळीच नाही, असंही त्या म्हणाल्या. हे शेवटचं आमच्या घरात कोणालाच ऐकू आलं नाही, कारण अक्षय्य तृतीयेला राजसीचा साखरपुडा आहे आणि साखरपुडा म्हटला की फोटो आले.

अण्णांनी रविवारी बैठक बोलावली. तुमचे बंधू एमआयडीसीतून निवृत्त झाले, पण घर त्यांना अजून केमिकल प्लँटच वाटतं. डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांनी नवीन बसवल्यावर वॉरंटी किती, ते विचारलं. राजसी म्हणाली, मम्मी तू टेन्शन मत ले, फक्त फोटोत दोन्ही साइड बॅलन्स दिसू दे. शेवटी हात वर करून मतदान झालं. तुला हवं ते कर म्हणणाऱ्या उन्मेषचाही हात वर होता. नवीन घडवून घ्यायचा ठराव एकमताने मंजूर. मी तेव्हा आत चहा करत होते. ऑपरेशनची तारीखही घेऊन झाली आहे, १९ फेब्रुवारी.

त्यात मोरिवलीच्या कमळाबाईंकडचं हळदीकुंकू. सगळ्यांना वाण म्हणून ब्लाउजपीस, मला साबणाची डबी. मला वाईट वाटू नये म्हणून बिचारीने ती मुद्दाम वेगळी आणली होती. रंग गुलाबी आहे.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून लिहिते आहे. तुमचंही हेच ऑपरेशन झालं होतं ना? घरात सगळे त्याला इंदूची गाठ एवढंच म्हणतात. तुम्ही पुढे काय केलंत?

लोभ आहे तसाच राहू द्या, फक्त तो मतदानाला टाकू नका.

तुमची,
सुनेत्रा


बदलापूर
२८ जानेवारी

चि. सौ. सुनेत्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

अंबरनाथचं पत्र बदलापूरला यायला आठवडा लागला. एवढ्यात मी या गुडघ्यांनी चालत येऊन निरोप घेऊन गेले असते.

मला कोणी दोन रस्ते दाखवले नव्हते. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं आणि ह्यांनी मला घरी आल्यावर. मग मी जुन्या परकराची दुहेरी पिशवी शिवली आणि तिच्यात मोहरी भरली. कापूस हलका, तो गळ्याकडे सरकतो. तांदळात किडे होतात. मोहरी अंगाबरोबर हलते.

आपल्या विक्रांतच्या मुंजीत वाढताना वाकले आणि पिशवीचा टाका सुटला. मोहरी घरंगळत पार होमापर्यंत गेली. अण्णाने सगळं थांबवलं. बटूवर कोणीतरी करणी केली म्हणाला. गुरुजींनी तिथल्या तिथे शांती केली. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पुढे हात जोडून बसले आणि शांतीचा प्रसाद दोनदा घेतला. माझ्या ब्लाउजमधल्या वस्तूसाठी इतके मंत्र त्याआधी कोणी म्हटले नव्हते.

आता ते फोटोचं वाक्य. तुला बघायला आले तेव्हा माझ्या ऑपरेशनला सहा महिनेही झाले नव्हते. त्या दिवसांत समोर बाई आली की माझी नजर तिथेच जायची. तू कप पुढे केलास, तेव्हा मी तुझा चेहरा पाहिलाच नाही. तो लग्नात पाहिला. तोही बरा निघाला.

माझं विचारशील तर नवीन घडवून घे. आता मिळतंय तर घ्यावं. माझ्यासारखं मोहरीत आयुष्य काढू नये. आणि त्या डबीत साबण ठेव, चांगली वस्तू आहे.

माया आहेच, ती काही गाठीबरोबर काढली नव्हती.

तुझी,
इंदुआत्या


अंबरनाथ पूर्व
१० फेब्रुवारी

ती. इंदुआत्यांस,
सा. न. वि. वि.

अहो, ती मोहरी मी झाडली होती! नवी सून म्हणून केरसुणी माझ्याच हातात आली. सासूबाईंनी ती हात न लावता सुपलीत भरायला आणि वालधुनी नदीत सोडायला लावली. तुमचा अर्धा ऐवज मी स्वतः पाण्यात सोडला, हे मला आज कळतंय.

शुक्रवारी एकटीच उल्हासनगरला जाऊन तो सिलिकॉनचा स्तन बघून आले. हातात घेतला तेव्हा पापलेटसारखा थंड होता, घातल्यावर थोड्या वेळाने माझ्याइतकाच गरम झाला. दुकानातल्या सिंधी भाभी म्हणाल्या, पहन के मार्केट घूम के आओ, जमा तो ठीक, नहीं तो वापस. मी जीन्सच्या दुकानांसमोरून सरळ मानेने फिरले. कोणी वळून पाहिलं नाही. इतका आनंद झाला की उगाचच दोन वेळा फालुदा खाल्ला. घरी आल्यावर तो काढून कपाटात ठेवला आणि लक्षात आलं, हा मला काढता येतो, हेच मला सगळ्यात आवडलंय.

नवीन घडवून घेणाऱ्या चुकतात असं मी म्हणत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरची श्रद्धा करून आली, खूश आहे. पण तिचं तिने ठरवलं. मला माझं पोट तिथेच हवं आहे, राजसी होती तिथे. आणि आत्या, आता डावीकडे हात ठेवला की ठोके अगदी तळहाताखाली लागतात. पूर्वी इतके जवळ नव्हते. त्यावर पुन्हा काही रचायला मन होत नाही.

मी तारीख रद्द केली. अण्णांनी विचारलं, मंजूर ठराव कोणत्या नियमाखाली फिरवला. दुसऱ्या दिवशी उन्मेषने कपाटातला रुमालांचा कप्पा रिकामा केला आणि विचारलं, हे मशीनमध्ये धुतात की हाताने.

तुमचा सल्ला मोडला, लोभ मोडू नका.

तुमची,
सुनेत्रा


बदलापूर
१ मार्च

चि. सौ. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

केलंस ते केलंस. आता निदान साखरपुड्याला तरी ते उल्हासनगरचं घाल. व्याही पहिल्यांदा येणार. मी येईन, नेहमीसारखी मागे उभी राहीन. कोणाचं तरी तान्हं असेलच, ते घेईन कडेवर.

मोहरी कालच बदलली. जुनी फोडणीला चालते का, असं विचारू नकोस.

जपून राहा, रागावलेली नाही एवढं समज.

इंदुआत्या


अंबरनाथ पूर्व
१५ एप्रिल

ती. इंदुआत्यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावर घरातले सगळे फोटो काढून बसले. आमच्या लग्नापासून आजवर एकाही फोटोत तुम्ही पूर्ण दिसत नाही. छातीशी कोणाचं तरी मूल, मूल नसेल तर नारळाचं ताट, तेही नसेल तर पुढे उभा कोणीतरी उंच माणूस. मला फोटोत छान येईल म्हणणारी बाई स्वतः कुठल्याच फोटोत आली नाही.

साखरपुड्याला मी काही घालणार नाही. बँकेत जाताना घालते, बरं वाटतं. पण त्या दिवशी लेकीशेजारी आहे तशी उभी राहणार. राजसीला सांगितलं. ती म्हणाली, ब्लाउज तसाच फिटिंगचा शिवू या, उगाच झोळ नको. कमळाबाईंनाही बजावलंय की माझी ओटी भरताना ब्लाउजपीसच घाला, साबणाच्या डब्या पुरे झाल्या. अण्णा म्हणतात, यावर बैठक व्हायला हवी होती. या वेळी चहा त्यांना करायला सांगितला, बैठक रद्द झाली.

माया पाठवत राहा, पोस्टाने उशिरा आली तरी चालेल.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. फोटोग्राफरला पुढच्या रांगेत माझ्या शेजारी एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे. तुम्ही नाही म्हणणार, हे मला आत्ताच दिसतंय. तरी विचारते, मोहरी बदलापूरला ठेवून आणि मांडीवर कोणाचंही मूल न घेता, त्या खुर्चीवर बसाल?