डॅशबोर्डवरची टिकली

बाबा, तुमच्या गाडीतला एअरबॅगचा दिवा आज विझला. दहा मिनिटं लागली. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, त्याआधीची दोन धरली तर अकरा वर्षं आपलं घर त्या दिव्याला झाकून फिरत होतं.

मी सेकंड इयरला होते. तुम्ही मला गाडी शिकवत होतात, म्हणजे ओरडत होतात. आई मागे बसलीय, शनिवार पेठेतून बाहेर पडायलाच अर्धा तास गेलाय आणि मी विचारते, बाबा, हा लाल दिवा कसला? माणूस पोटाशी फुगा धरून बसलाय बघा. तुम्ही म्हणता, "गाडी चालवायला बसलीयेस की डॅशबोर्ड वाचायला? वाचनाची एवढी हौस असेल तर लायब्ररीत जाऊन बसा." मी तरी म्हणते, पण लागलाय कशाला? "दिवाच आहे. ब्रेक लागतोय ना?" मग मागे वळून, "अगं, तुझी टिकली दे जरा."

"अहो, कपाळावरची?"

"नाही, कारखान्यातून मागवू."

आईने काढून दिली. मोठी, मरून रंगाची. तुम्ही ती अंगठ्याने दिव्यावर दाबलीत, म्हणालात, "झालं. विझला." आम्ही तिघंही हसलो.

कंपनीत तुम्ही सेफ्टीवर लेक्चर द्यायचात. हेल्मेट नसलेल्या माणसाला गेटवरून परत पाठवायचात. आमच्यासाठी कुठलं गेट नव्हतं. स्वतःचं छातीत दुखणंही तुम्ही असंच झाकलंत, अ‍ॅसिडिटी म्हणून, आणि गेलात. आईने टिकली लावणं सोडलं. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, लाव ना गं, कोण बघतंय? तर म्हणाली, "मी बघते ना आरशात." तिची टिकली गाडीकडे राहिली आणि गाडी माझ्याकडे. रोज खराडीला ऑफिसला जाताना ती समोर असायची. मला ते गोड वाटायचं, बाबा. त्यावर मी लिहिलंसुद्धा एकदा. लोकांना आवडलं.

गेल्या आठवड्यात पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. मी वीतभर अंतरावर थांबले. शेजारी आई, दोन्ही हात डॅशबोर्डवर. तिने माझ्याकडे बघितलं नाही. टेम्पोकडेही नाही. टिकलीकडे बघितलं.

आज बिबवेवाडीतल्या एका गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने नखाने टिकली काढली. "मॅडम, हे काय? नजर लागू नये म्हणून?" त्याने मशीन जोडलं, मग आईच्या सीटखाली हात घालून तुमची ती लांब छत्री ओढून काढली. दिवा लागण्याआधीच्या कुठल्यातरी पावसात तुम्ही कोंबलेली, नंतर कोणी काढलीच नाही. तिच्या दांड्याने तिथला एअरबॅगच्या वायरचा पिवळा कनेक्टर ढिला झाला होता. त्याने तो साफ केला, खट्कन बसवला, फॉल्ट पुसला.

"तेवढंच?"

"तेवढंच. पण हा दिवा पेटलेला असला की एअरबॅगचा भरवसा नाही. धडक बसली असती तर एकही उघडली नसती कदाचित. या सीटवर कोण बसतं?"

आई, म्हटलं.

"बरं झालं आणली," तो म्हणाला आणि हात पुसायला गेला. तुमच्यासारखं टाकून बोलला असता तर बरं झालं असतं. ती छत्री मी तिथेच सोडून आले.

येताना पूर्ण रस्ताभर तुम्हाला शिव्या घातल्या. सुचल्या तेवढ्या सगळ्या. घरी येऊन हे लिहायला बसले, आणि इथपर्यंत आल्यावर आता खरं सांगायला लागणार. गॅरेजवाल्याने काढली ती तुम्ही लावलेली टिकली नव्हती. तुमची या मे महिन्यातच उन्हाने सुटून माझ्या पायाशी पडली. दिवा लख्ख दिसायला लागला. शेजारून आई म्हणाली, "अजून आहे का गं तो? दाखवून घे एकदा."

"दिवाच आहे," मी म्हणाले.

आणि तिच्या ड्रॉवरमधल्या जुन्या पाकिटातली दुसरी टिकली आणून लावली. तिच्यासमोरच. दाबली मीही अंगठ्यानेच.