लाल ठिपका आणि निळी गाडी

मी, खाली सही करणारी बाई, चार लोकांत गॅरेजवाली आजी म्हणून ओळखली जाते. डोकं ठिकाणावर आहे, कान शाबूत आहेत, गुडघ्यांचं विचारू नका. कुणी धाक घातलेला नाही आणि कुणी गोड बोलून लिहूनही घेत नाही. शाळा माझी फार झाली नाही, तेव्हा अक्षर वाकडं असेल तर वकीलबाईंनी सरळ करून वाचावं. शब्द मात्र माझेच ठेवावेत.

गॅरेजच्या खिडकीशी बसून हे मृत्युपत्र लिहिते आहे. समोर मुलगा आणि नात आमच्या निळ्या गाडीच्या इंजिनात डोकं घालून उभे आहेत. गाडी माझ्या नवऱ्याची. तो गेल्यापासून कापडाखाली होती. या बापलेकीनं इंजिन सगळं खोललं, धुतलं, पुन्हा बांधलं. सुरू झालं, पण वरून टक टक टक. मुलगा म्हणतो विकू या, नात म्हणते मी चालवणार. शेवटी मीच शब्द दिला: आज संध्याकाळी गिऱ्हाईक यायच्या आत टकटक गेली तर गाडी नातीची, नाही तर गिऱ्हाइकाची. म्हणून गाडीचं कलम कोरं सोडते. बाकीचं उरकून घेते.

कलम पहिलं. गॅरेज आणि वरचं राहतं घर मुलगा आणि मुलगी, दोघांना अर्धं अर्धं. जिना सामाईक. मुलगी लांब राहते, पण स्वयंपाकघराची खिडकी तिचीच. तिथे बसून ती आवाजावरून सांगायची कुणाची गाडी आली ते.

कलम दुसरं. बँकेत जे काही असेल ते सुनेला. भुवया वर करू नयेत. मी आजारी होते तेव्हा उशाशी मुलगा बसला आणि माझं सगळं सुनेनं केलं. बसणं वेगळं, करणं वेगळं.

कलम तिसरं. हत्यारं. पाने, ऐरण, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबायचा शिकंजा, सगळं मुलाला. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर तेवढा नातीला. नवरा त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा, अगदी डॉक्टरसारखा. मला जवळ ओढून म्हणायचा, "ऐक, ऐक, तिसऱ्या सिलिंडरचं दुखतंय." नवं लग्न झालेलं माझं, मला वाटलं काहीतरी वेगळंच बोलणार आहे.

इथे लिहिणं थांबवावं लागलं, कारण समोर जुंपली.

"बाबा, आणखी आवळू नका."

"आवाज व्हॉल्व्हच्या वरच्या फटीतूनच येतो. फट कमी केली की जाईल."

"आवळून आवळून आता व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाहीये! इंजिन लंगडतंय, ऐकू येत नाही?"

"आता तू मला शिकवणार?"

"मग काय आजीला शिकवू?"

मी म्हटलं, "मला सोडा. मी इथे मरायच्या कामात आहे."

मग नातीनं सगळ्या फटी पुन्हा लावल्या. फट मोजायची गेजची पत्ती ओढताना अलगद अडली पाहिजे, तशी. इंजिन लंगडायचं थांबलं, टकटक राहिली. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या लांब सळ्या, पुशरॉड, काढून काचेवर लोळवल्या, एकही वाकडी नाही. शेवटी वरचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि नात ओरडली, "वर तेलच नाहीये! सगळे रॉकर कोरडे!" हे रॉकर म्हणजे व्हॉल्व्हना वरून दाबणारे छोटे हात. तेलाशिवाय ते बोंबलणारच. मुलगा म्हणाला, "म्हणजे तेलाचा पंप गेला. आता इंजिन परत उतरवावं लागेल, आज काही होत नाही." नातीचं तोंड एवढंसं झालं. ते बघवेना म्हणून मी कागदात मान घातली.

कलम चौथं. जुने राग. धाकट्या दिरांना माझ्याकडून तीन पायांचं स्टूल. लग्नात म्हणाले होते, ही कसली गॅरेजात टिकते. आता त्यांनी निवांत बसावं आणि किती टिकले ते मोजावं.

नवऱ्यावरचा एक राग अजून ताजा आहे. भाचीच्या लग्नासाठी मी लाल नेलपॉलिश आणलं होतं. ते यानं गॅरेजात पळवलं. कशाला, तर रॉकर ज्या पोकळ दांड्यावर ओवतात त्याच्या एका टोकाला ठिपका द्यायला! म्हणे, "अगं, दांडा दोन्हीकडून सारखाच दिसतो. उलटा बसला तर तेल वर यायची वाट बंद होते. ठिपका रेडिएटरकडे ठेवला की झालं." बाटली वाळून गेली. मी लग्नाला कोऱ्या नखांनी

वरचं वाक्य तसंच सोडून मी खिडकीतून ओरडले, "अरे, त्या रॉकरच्या दांड्यावरचा लाल ठिपका कुठाय?"

"कसला ठिपका?" मुलगा म्हणाला.

चहा घेऊन आलेली सून हसायलाच लागली. "अहो, तो डाग! पेट्रोलनं घासून तुम्हीच काढलात की. बघ कसा आरसा केलाय म्हणून मला बोलावून दाखवलात!"

आमचा मुलगा पहिल्यापासून असाच, चमकलं की खूश. पण माणूस मनाचा मोठा. कपाळावर हात मारला, स्वतःच पाना घेतला आणि दांडा फिरवून बसवला. फटी मात्र लेकीला लावू दिल्या. इंजिन सुरू केलं. आधी टक टक, मग एकेका रॉकरच्या खांद्यावरून तेल ओघळलं, आणि राहिला तो शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालावं तेवढाच आवाज. नातीनं मला खुर्चीसकट मिठी मारली.

कलम पाचवं. निळी गाडी नातीला. बापानं शेजारी बसावं आणि गप्प बसावं. न जमल्यास मागे बसावं. ठिपका पुन्हा द्यावा. सुनेनं तिची लाल बाटली आणून दिली आहे.

ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, असं वकीलबाई सांगतात. म्हणून साक्षीला बाहेरचेच घेतले.

साक्षीदार पहिला: शेजारचा कुलूपवाला. (सही)

साक्षीदार दुसरा: गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. याला काहीच मिळालं नाही, म्हणजे चालेल. चहा दिला आहे. (सही)

ठिकाण: आमचं गॅरेज, गाडीच्या बॉनेटवर. इंजिन चालू आहे म्हणून अक्षर थोडं थरथरतं आहे.

वार: रविवार, संध्याकाळ. तारीख वकीलबाई घालतील.

सही: गॅरेजवाली आजी

ता. क. सहीशेजारी लाल डाग पडला आहे. नखं अजून ओली आहेत. डाग माझाच आहे, कुणी घासून काढू नये.