निळ्या पाटीवरचा पत्ता

रविवार, १२ जानेवारी

"दुसऱ्याच्या दारात विरजणालासुद्धा उभं राहायचं नाही, विभा."

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. नाशिकच्या घरी दही नासलं, म्हणून वाटी घेऊन शेजारी निघाले होते. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जिन्यातूनच परत बोलावलं. रागावल्या नाहीत. वाटी काढून घेतली, एवढंच. त्या रात्री सगळ्यांनी ताक नसलेलं जेवण निमूट जेवलं.

आज दिवसभर फोन करताना हे वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी दुसरं काय करत होते? मागतच होते!

सासूबाईंची माकडहाडाजवळची जखम आता माझ्या हाताबाहेर चालली आहे. नोव्हेंबरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्या, आणि पडून पडून ही जखम. ड्रेसिंग मीच करते. हॉस्पिटलमधून निघताना डॉक्टर म्हणाले होते, "हाडापर्यंत जाऊ द्यायची नाही." कशी नाही जाऊ द्यायची, ते मात्र नाही सांगितलं.

गिरीशच्या नव्या कंपनीचा विमा फक्त गिरीशचा. बाकी घराला इथलं, आखातातलं सरकारी हेल्थ कार्ड. घरी नर्स पाठवणाऱ्या सगळ्या एजन्सींचा एकच प्रश्न — "कॅश ऑर इन्शुरन्स, मॅम?" मी म्हणते, हेल्थ कार्ड. एकीने फार गोड आवाजात सांगितलं, "मॅम, दॅट इज नॉट इन्शुरन्स. दॅट इज जस्ट कार्ड."

सोमवार, १३

गार्गीने शोधून काढलं! मी चपात्या लाटत होते, ही मोबाइल घेऊन ओट्याशी आली. "आई, देअर इज अ गव्हर्मेंट वन. नर्स प्रॅक्टिशनर. शी कम्स होम."

म्हणजे काय गं? साधी नर्स नव्हे म्हणे. स्वतः तपासते, औषध बदलते, डॉक्टरची वाट बघत नाही. आणि हेल्थ कार्डावर येते.

मी मराठीत दहा प्रश्न विचारले, तिने इंग्रजीत एक उत्तर दिलं — "जस्ट कॉल, ना." सोळा वर्षांची आहे, तिला सगळं जस्ट वाटतं. पण आज तिच्या पिठाच्या गालाचा मुका घेतला. (पीठ माझ्याच हाताचं.)

मंगळवार, १४

संक्रांत. आईंनी कुशीवर पडल्या पडल्या तिळगूळ वळला. दोनच लाडू जमले. एक मला दिला. "गोड बोल," म्हणाल्या, "त्या फोनवाल्यांशीसुद्धा."

बुधवार, १५

बबीता त्या सरकारी नर्सचं नाव. कानपूरची. आवाज असा की पलीकडून कुणी पाठीवर हात ठेवावा. जखमेचा रंग, वास, कडा, सगळं विचारलं. फोटो मागवले.

"दीदी, ये मुझे देखना पड़ेगा. जल्दी."

मी म्हटलं, या ना! आजच या!

तिने कार्डाचा नंबर घातला. "आप मदिनत खलीफा में हो ना?"

नाही. ते आमचं जुनं घर. आता अल गराफात.

"फिर मैं कैसे आऊँ? कार्ड तो चलेगा, दीदी. लेकिन पेशंट कार्ड के पते पर होना चाहिए."

पत्ता बदलून घ्या, म्हणाली. सोपं आहे, घराबाहेरच्या निळ्या पाटीचे आकडे टाका. झालं.

झालं!

गुरुवार, १६

पत्ता बदलता येत नाही. घर सोडलं तेव्हा बदलला नाही, तेव्हा वाटलं बरंच झालं, आईंचे जुने डॉक्टर राहतील. किती शहाणे आम्ही.

खरी गोष्ट अशी की ह्या पोर्शनला पत्ताच नाही. एका व्हिलात प्लायवूडच्या भिंती घालून सहा बिऱ्हाडं केली आहेत. निळी पाटी एकच, तीही मालकाच्या नावाची. कागदावर इथे एकच कुटुंब राहतं, आणि ते आम्ही नाही. आमचा दिवाणखाना म्हणजे कुणाचं तरी गॅरेज होतं. दोन वर्षं इथे भांडी घासते, कपडे वाळवते, पण मी इथे राहत नाही!

नातूरला, म्हणजे व्हिलाच्या राखणदाराला, विचारलं. त्याने दोन्ही हात हलवले. "पेपर नो, मॅडम. पेपर आएगा, बलदिया आएगा. सब खलास." म्हणजे पालिकेची माणसं आली की भिंती जाणार. आणि सहा घरं रस्त्यावर.

शनिवार, १८

गिरीश समैस्माला जाऊन आला. मालक सुट्टीला तिथे असतो, समुद्राजवळ. आत बसवलं, कहावा पाजला, आईंची चौकशी केली. त्याची स्वतःची आईही अशीच पडून होती म्हणे. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पत्त्याचं विचारलं तर म्हणाला, इन्शाल्ला.

"म्हणजे?"

"म्हणजे खजूर दिलेत," गिरीश म्हणाला, आणि डबा ओट्यावर ठेवला.

दोघंही हसलो. हसल्यावर मला रडू आलं.

रविवार, १९

हेल्थ सेंटरला गाडीने न्यायचं तर आई जखमेवरच बसणार. मागच्या वेळी तिथल्या सिस्टर ओरडल्या होत्या, अशी बसवून आणू नका. आडवं करून एकदा कुठेतरी नेता येईल. पुन्हा पुन्हा नाही. अँब्युलन्स ह्या कामाला येत नाही.

गिरीश म्हणाला, "मग इंडिया."

नाशिकचं घर विकलं. तिकडे कोण? "एखादं चांगलं केअर सेंटर बघू," म्हणाला, माझ्याकडे न बघता. त्याचं तरी काय चुकलं? पहाटे कामाला रास लफानची बस पकडतो, संध्याकाळी येऊन आईंची कूस बदलतो, जेवताना झोपतो.

प्लायवूडपलीकडून आईंचा आवाज आला. "पाठव रे मला. उगाच कुणाच्या पाया पडू नका."

इथल्या भिंतींना कान नाहीत, नुसतेच कान आहेत. भिंती नाहीतच.

मंगळवार, २१

वास वाढलाय. उदबत्ती लावली. आई म्हणाल्या, "आज कुठला सण गं?" मी म्हटलं, असाच. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं.

बबीताला पुन्हा फोन. मी म्हटलं, कार्डावरच्या पत्त्यावर आम्ही येऊन बसलो तर?

"एक दिन के लिए नाटक नहीं, दीदी. पेशंट सच में वहाँ रहे, तो मैं हफ़्ते में दो बार आऊँगी. ज़ख़्म भरने तक."

भरेल?

"अभी भर सकता है."

'अभी' हा शब्द दिवसभर चावत बसले.

गुरुवार, २३

मदिनत खलीफाला गेले. नुसतं बघायला. खोटं कशाला लिहू, मागायला गेले होते.

आमच्या जुन्या घरात आता ताहेराआपा राहतात. ताहेरुन्निसा, रत्नागिरीच्या. त्यांचे मिस्टर रहमानभाई गिरीशच्या जुन्या ऑफिसात होते, त्या ओळखीने घर त्यांना मिळालं. निळी पाटी तशीच. आकडे पाठ होते तरी वाचले.

आपांनी चहा केला, नानखटाई काढली. त्यांची मुलगी इकरा आईंच्या जुन्या खोलीत अभ्यास करत होती. खिडकी, तळमजला, ऊन. बिछाना कुठे लागेल ते माझ्या डोळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं. लाज वाटली.

पण मागणार कसं? दुसऱ्याच्या घरात एक आजारी म्हातारी, तिचं भांडं, तिचा वास. आणि किती दिवस, ते माहीत नाही. दोन वेळा "आपा, ते..." म्हणाले आणि नानखटाईची कृती विचारली.

निघताना त्यांनी दह्याचा डबा हातात दिला. "आईंना दे. त्यांचंच विरजण हां! घर सोडताना दिलं होतं त्यांनी मला. मी गावाला गेले तरी शेजारी ठेवून जाते, मोडू देत नाही."

घरी येऊन भात कालवून भरवला. आईंनी दुसऱ्या घासाला थांबून विचारलं, "हे दही आपलं आहे. कुणी लावलं?"

मी सांगितलं. त्यांनी सगळा भात संपवला. मग, "गोड लावते हो पोरगी," एवढंच.

शुक्रवार, २४

फोनवर मागितलं. समोर जमलं नसतं. एका दमात सगळं बोलले. जखम, पत्ता, बबीता, वाससुद्धा सांगितला. शेवटी म्हटलं, नाही म्हणालात तरी मला काही वाटणार नाही.

मग आपा कडाडल्या! "काल माझी अर्धी बरणी नानखटाई खाल्लीस, तेव्हा दातखीळ बसली होती काय गो तुझी?"

मी रडायला लागले. त्या बोलतच होत्या. इकरा हॉलमध्ये झोपेल. दिवसा त्या आहेतच. मी सकाळी यायचं, ड्रेसिंगला, अंघोळीला. आईंचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत मी करायचा. "त्यांचं त्यांना चालेल तसं."

मग आवाज खाली आला.

"पण विभा, त्यांनी स्वतः हो म्हणायला हवं. त्या मला ओळखतात, मीपण त्यांना ओळखते. उचलून आणलीस तर इथे पाणी पिणार नाहीत."

शनिवार, २५

विचारलं. दहीभात झाल्यावर, तोंड पुसताना. नाहीच म्हणणार, माहीत होतं. त्या इंडियात एकट्या मरतील, पण कुणाच्या दारात उभ्या राहणार नाहीत. तरी हात धरून म्हटलं —

"आई, तुम्हाला उभं राहायचं नाहीये. उभी मी राहते. तुम्ही फक्त माझ्याबरोबर चला."

"मग तिचा दह्याचा डबा घासून बरोबर घे," म्हणाल्या.