येळवसला मारलेली हाक

अप्पा, लेक कलबुर्गीहून सुट्टीला आली आणि लॅपटॉपवर आयर्लंडमधली एक मालिका घेऊन माझ्या शेजारी बसली. एका गावची दोन पोरं, एकाच कॉलेजात. एकमेकांवर जीव, पण चारचौघांत तो मुलगा तिच्याकडे मान वर करून बघत नाही. लेक चिडली. "आई, लोकांसमोर बोलायला ह्याची जीभ कामून उचलंना?" मला हसू फुटलं, कारण अशा जिभेवरचं औषध तुम्ही मला दाखवलं होतं.

त्या येळवस अमावस्येला रानाची पूजा करून सगळी भावकी आपल्या रानात जेवायला बसलेली. औरादच्या कॉलेजातला माझा वर्गमित्र बांधावरून खाली मान घालून निघाला होता. तुम्ही ओरडलात, "अय पोरा, कुठं जायलास? येळवसच्या दिशी कुणी रानातून उपाशी जात न्हाई. बस." हाक आल्यावर येळवसला नाही म्हणता येत नाही. तो पूजेच्या कडब्याच्या कोपीपाशी बसला. तुम्ही त्याच्या ताटात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढता वाढता विचारता, "कालिजात हिच्यासंगं बोलतूस न्हवं? मग हितं बोल की." आई मला चिमटा काढते. काका जेवायचे थांबतात. आणि तो माझ्याकडे बघून म्हणतो, "भज्जीत मीठ कमी हाय." भज्जी मीच केली होती! आधी तुम्ही हसलात, मग सगळे. पुढच्या वर्षी तो आईबापाला घेऊन मला मागणी घालायला आला. संतपूरच्या ह्या घरात माझा संसार सुखाचा झाला, अप्पा. मिठाची तक्रार तेवढी चालू आहे.

हे सगळं ऐकून लेकीनं लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाली, "मी पन एकाला बोलवू का, आई?" पोरगा निंबर्ग्याचा, तिच्याच वर्गातला. घरी कानडी बोलणारा, जातही आपली नव्हे. माझ्या ओठांवर 'नाही'च आलं होतं. नाही म्हणाले असते तर तीही त्या मालिकेतल्यासारखी लपूनछपून भेटत राहिली असती. मी म्हटलं, "बोलव. बघू."

काल येळवसला तो आमच्या रानात आला, पण भावकी बघून बांधावरच थबकला. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "ये बाबा, जेवाय बस." तो आला, जेवला. दीर ताटावरून मान वर न करता जेवत राहिले, जाऊबाईंनी मात्र दोनदा वाढलं.

तुम्ही गेल्यावर हे पत्र मी कुठं टाकणार आहे! फक्त तुम्हाला सांगते, हाक मारताना माझा आवाज कापला. लेकीला म्हटलं, थंडी आहे. त्या दिवशी तुम्हीही घाबरला होतात का, अप्पा? मला तर वाटायचं, तुम्हाला भीती ठाऊकच नाही.