धावपट्टीकडचं जेवण

प्रिय पोरी,

फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं व्हायच्या आत ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा सातवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, तेवढं सांभाळून घे. राग मात्र सांभाळून घेऊ नकोस. तो आहे तसाच वाच. तुझी आई आत्ताच चहाचा कप आपटून गेली आणि म्हणाली, "अहो, पत्र लिहिताय की फिर्याद?" मी म्हटलं, फिर्यादच समज. आणि आरोपींत तुम्ही दोघीही आहात.

आपल्या विमान संस्थेचं वर्षअखेरचं वार्तापत्र टपालाने आलं. निवृत्त लोकांना अजून पाठवतात, तेवढी लाज शिल्लक आहे म्हणायची. चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचत गेलो. विमानं तपासायच्या वाऱ्याच्या बोगद्याला नवा पंखा बसला. रक्तदान झालं. कुंपणालगत झाडं लावली, म्हणजे मागच्या वर्षीची वाळली असणार. रस्सीखेचीत हिशेबखात्याने इंजिनवाल्यांना फरफटत नेलं, हे वाचून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग मधल्या पानावर ढब्बू अक्षरांत 'आपण एक कुटुंब', आणि त्या लेखाच्या पार तळाशी बातमी, की आपलं नवं छोटं विमान नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पहिल्यांदा आकाशात जाणार. वैमानिकाच्या मागे बसून नोंदी घ्यायला कोण? तर तू. माझ्या पोटच्या पोरीची बातमी मला पोस्टमनने आणून दिली.

मी तसाच वार्तापत्र नाचवत स्वयंपाकघरात गेलो. तुझी आई कणीक मळत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मला कधीचंच सांगितलंय तिने. तुम्हाला सांगितलं असतं तर या घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागला असता?" म्हणजे माझ्याच घरात कारस्थान. मी काळजी करतो, कबूल. पण मला पगारच त्याचा मिळत होता! विमान वर गेलं की ते खाली येईपर्यंत आगीच्या बंबाचं इंजिन चालू ठेवून धावपट्टीच्या कडेला उभं राहायचं आणि वाईटातलं वाईट काय होईल त्याचा विचार करायचा, यालाच माझी नोकरी म्हणत. इंजिनियर लोक मला 'काळजीवाहू' म्हणून हाक मारायचे. "काय काळजीवाहू, आज काय पडणार?" मी म्हणायचो, तुमची जीभ. अशी चेष्टा चालायची. आता म्हातारपणी ती सवय खुंटीला टांगून ठेव म्हटलं तर कशी टांगू?

तुझ्या उडण्याबद्दल शेवटी लिहीन. आधी जेवणाचं लिहितो, कारण खरा संताप तिथे आहे.

तू लहान असताना आमच्या वर्षअखेरच्या जेवणाला यायचीस, बंबाच्या पायरीवर बसून पाय हलवत जेवायचीस. ती पद्धत कशी पडली ते तुला कोणी सांगितलं नसेल. संस्था नवी होती तेव्हा पहिलं जेवण कार्यशाळेच्या अंगणात मांडलं होतं. पहिले मोठे साहेब पंगतीवरून नजर फिरवत म्हणाले, सगळे आलेत ना? कोणीतरी म्हणालं, बंबवाले नाहीत, त्यांना जागा सोडता येत नाही, तिथे इंधनाच्या टाक्या आहेत. साहेब म्हणाले, "मग उचला पातेली." झालं. टंकलेखक बाई, शास्त्रज्ञ, माळी, सगळे हातात काही ना काही घेऊन धावपट्टीच्या कडेने चालत आमच्या शेडपर्यंत आले. दरवर्षी मग तसंच. गुंडाळून ठेवलेल्या पाइपांच्या वेटोळ्यांवर बसायचं आणि जेवायचं. वाढायचं काम आम्हा बंबवाल्यांचं. पाहुण्यांनी आणलेलं आम्ही वाढायचं, कारण शेड आमची, यजमान आम्ही. वाढताना माणूस कळतो बघ. कोण नको नको म्हणत ताट पुढे करतो, कोण डावखुरा, कोणाला पोटाचं दुखणं आहे, कोणाचं बायकोशी बिनसलंय. वर्षातून एकदा आम्ही प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघायचो.

या वर्षी काय, तर हॉटेल! घरी आमंत्रणाचं गुळगुळीत कार्ड आलं, त्यावर 'पोशाख औपचारिक'. जेवायला जायचं की साक्ष द्यायला? तरी तुझ्या आईने कोट झटकून दिला, गेलो. हॉलमध्ये एवढा गारठा की दात वाजायला लागले. कल्याण समितीचे चिटणीस, ज्यांना तुम्ही सगळे माईकवाले म्हणता, ते माईक सोडायलाच तयार नाहीत. आपण एक कुटुंब, आपण एक कुटुंब, असं इतक्यांदा म्हणाले की मला शंकाच यायला लागली. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, धावपट्टीवर कोण आहे? ते हसून म्हणाले, "काका, ती आता कंत्राटदाराची माणसं आहेत. तरी आपण जेवणाची पाकिटं पाठवलीत हां त्यांना. तुम्ही गोड घ्या ना." तरी पाकिटं पाठवलीत! जसं काही कुत्र्याला पोळी टाकली. तू लांबच्या टेबलाशी वैमानिकांबरोबर हसत होतीस. मी हात केला, तूही हात केलास. तुला वाटलं असेल बाबा जागा शोधतायत. मग मी उठलो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा पोट बिघडलं होतं म्हणालो. पोट ठणठणीत होतं. डोकं बिघडलं होतं.

मी तडक संस्थेत गेलो. फाटकावरचा पहारेकरी माझ्या वेळचाच, मला बघून सलाम ठोकला आणि घाईघाईने तोंड पुसलं. आत टेबलावर पाकिटांची रिकामी खोकी. मी विचारलं, ही कोणाची? तर म्हणतो, "आली गाडीतून. आम्हाला वाटलं आमचीच. झक्कास होतं हो जेवण!" त्याच्यावर काय रागावणार? धावपट्टीवर बंबवाले आहेत हे त्याला कोणी सांगितलं असेल तर ना. ते शेडमध्ये बसले होते चौघं, चहात बिस्किटं बुडवून. त्यांचा म्होरक्या भरघोस मिशांचा आहे. मी आपला जुना बंबवाला म्हणून ओळख दिली तर उठून स्वतःची खुर्ची दिली मला. जेवण आलं नाही याची तक्रार एकाच्या तोंडी नाही. म्हणे सवय आहे, आज इथे तर सहा महिन्यांनी दुसरीकडे, कुठे कोण जेवायला बोलावतं! आणि मी कोट घालून, पोटात हॉटेलातलं सूप घेऊन, त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने बसलेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्या आईला फोन केला. तिने आधी मला यथेच्छ झापलं, मग शेजाऱ्याला गाडी काढायला लावली आणि मोठं पातेलंभर भात, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी घेऊन हजर झाली. उतरता उतरता म्हणते, "यांच्याशी लग्न केलं तेव्हाच कळायला हवं होतं, आग कुठेही लागो, पळायचं मी." चौघं हसले. मग तिने वाढायला घेतलं तर मिशावाल्याने डाव तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "आजी, आमच्या शेडमध्ये आम्ही वाढणार." शपथेवर सांगतो, हे त्याला मी शिकवलं नव्हतं.

जेवताना मी विचारलं, पुढच्या आठवड्यात नवं विमान उडणार ते माहीत आहे ना? मिशावाला म्हणाला, "आजोबा, कोण उडतं नि कोण उतरतं आम्हाला काय माहीत? सकाळी शेपटीवरचा नंबर सांगतात, तेवढा ध्यानात ठेवायचा." मी म्हटलं, त्या नंबरात माझी मुलगी बसणार आहे. सगळ्यांचे हात ताटात थांबले. एक चष्मेवाला आहे त्यांच्यात, त्याने विचारलं, "कशा दिसतात ताई?" आणि पोरी, मला सांगता येईना. मी म्हणालो, हुशार आहे. तुझी आई कडाडली, "हुशार कधी दिसतं का हो? नाक बापाचं, उंची माझी, आणि हसायला लागली की आधी डोळे मिटते." चष्मेवाला म्हणाला, "पण आजी, हेल्मेट-मास्कमध्ये नाक कुठलं दिसायला!"

बरोबर बोलला तो. धुरात कोणाचंही नाक दिसत नाही. पण मग मी त्यांना जे सांगितलं ते मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ती तिथे पदराशी चाळा करत ऐकत राहिली. माझ्या सगळ्या नोकरीत खरी आग एकदाच लागली. उतरताना ब्रेक तापले, चाकं पेटली, पंखाखाली शिरायचं होतं आणि पंखात इंधन. आम्ही कितीही कवायत केलेली असो, त्या क्षणी पाय जमिनीला चिकटतो. माझा चिकटला. प्रत्येकाचा चिकटतो, ज्याचा चिकटत नाही तो थापा मारतो. त्या विमानात मागे एक तंत्रज्ञ होता, किडकिडीत, दरवर्षी तीनदा भात मागून घ्यायचा आणि म्हणायचा, काळजीवाहू, घरी सांगू नका. मला त्या वेळी विमान दिसलंच नाही, तो भात मागताना दिसला. पाय सुटला. वैमानिक आणि तो, दोघांनाही बाहेर काढलं, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. मी शूर नाही, तुला माहीत आहे, मी पालीलाही घाबरतो. नंबरासाठी माझा पाय सुटला असता का, हे मी आजही सांगू शकत नाही.

ही चौघं चांगली आहेत, शिकून आलेली आहेत, त्यांचा बंब आमच्या बंबापेक्षा दसपट बरा आहे. माझा राग त्यांच्यावर नाही हे नीट वाच. राग यावर आहे की ज्यांनी तुमच्यासाठी धुरात शिरायचं त्यांना तुमचं तोंड दाखवायलाही या कुटुंबाला जड जातं. दुसऱ्या दिवशी मी माईकवाल्यांच्या खोलीत गेलो आणि हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले, "मुद्दा चांगला आहे काका. पुढच्या अंकात त्यांचा फोटो छापू." फोटो! मग मी म्हटलं, ते जाऊ द्या, त्या दिवशी मला बंबाशेजारी उभं राहू द्या, एका कोपऱ्यात, कोणाच्या पायात येणार नाही. तर म्हणे नियमात बसत नाही, निवृत्त माणसाला धावपट्टीकडे सोडता येत नाही. जेवणाच्या दिवशी पहारेकऱ्याने सोडलं त्याबद्दल त्या बिचाऱ्याकडूनच आता खुलासा मागितलाय. इतकी माणसं उडताना मी तिथे उभा होतो, आणि माझी मुलगी उडेल तेव्हा मी घरी वाटाणे सोलत बसायचं. तुझ्या आईने वाटाणे आणूनही ठेवलेत.

तर आता तुझ्या उडण्याचं. उडू नकोस असं मी लिहिणार नाही. ते लिहायचं म्हणूनच पहिला कागद घेतला होता, तो तुझ्या आईने वाचला आणि चुलीत घालीन म्हणाली, मग मीच फाडला. तू जा. फक्त त्याआधी एकदा त्या शेडमध्ये जाऊन जेव. डबा पाठवू नकोस, स्वतः जा, वैमानिकालाही घेऊन जा. त्यांनाच वाढू दे. पोट भरलं तरी पुन्हा मागून घे. ते लाजतील, तू बोल, तुला बोलायला शिकवावं लागत नाही. त्यांची नावं विचार, मी अख्खी दुपार त्यांच्यात जेवलो आणि तणतणण्याच्या नादात एकाचंही नाव विचारलं नाही. कोणी नियम काढला तर भांड, त्या बाबतीत तू माझ्यावर गेली आहेस. आणि हे सगळं मी इतकं लांबण लावून लिहितोय, कारण निघताना मी त्यांना म्हटलं, तिलाच तुमच्याकडे जेवायला पाठवतो, तर मिशावाल्याने विचारलं, "येतील का हो ताई खरंच?" आणि मी तुला न विचारता, छाती पुढे काढून, या गुरुवारी दुपारी येते म्हणून सांगून बसलोय. ते त्या दिवशी डबे आणणार नाहीत. आई सकाळीच पातेलं भरून ठेवील, जाताना घेऊन जा.

तुझाच, आणि तुझ्या आईवर अजून रुसलेला,
बाबा