बोनिसिले, बाबांनी बोलावलंय

न्यू ब्रायटन, पोर्ट एलिझाबेथ
ऑगस्ट १९९५

प्रिय बोनिसिले,

बाबांनी तुला घरी बोलावलंय. हे आधी सांगून टाकते, कारण मला पाल्हाळ लावायची सवय आणि तुला लहानपणापासून धीर नाही. मी गळ घातली म्हणून नव्हे हं. परसात कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ते आपणहून म्हणाले, "झोलेका, पोराला घरी आणायला हवं." पोराला म्हणाले! इतकी वर्षं तुझा विषय निघाला की ते टोपी उचलून बाहेर निघून जायचे. मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, न जाणो शब्द मागे घ्यायचे.

तुला तो जाळीचा कोपरा आठवतो? गोऱ्यांच्या मैदानात आपल्या लोकांसाठी ठेवलेला, भर उन्हातला. बाबा तुला खांद्यावर घ्यायचे आणि मी त्यांच्या कोटाचा खिसा धरून उभी. रग्बीतले हिरव्या जर्सीवाले आपल्याच देशाचे, पण सगळे गोरे, आणि आपण सगळे पाहुण्यांच्या नावाने घसा फोडायचो. त्यात न्यूझीलंड आलं की बाबांचा सणच. हिरवे हरले तर परतताना आपल्याला शेंगदाणे मिळायचे. जिंकले तर आई बाबांच्या चालीवरूनच ओळखायची आणि त्या दिवशी जेवताना कुणी ब्र काढायचं नाही. मला वाटायचं, जगभर असंच असतं, माणसं आपलाच देश हरावा म्हणून देवाला साकडं घालतात.

मग तू मोठा झालास आणि आपल्या क्लबासाठी कडेने धावायला लागलास. सामन्याआधी आम्ही बायका मैदानातल्या काचा वेचायचो आणि तू तरी गुडघे फोडून घ्यायचास. देश सगळ्यांचा होत नाही तोवर गोऱ्यांबरोबर खेळायचं नाही, हे क्लबानं ठरवलेलं, आणि ठरवणाऱ्यांत बाबा सगळ्यांत पुढे. तरी तू गोऱ्यांच्या संघात गेलास. "बाबा, मला राजकारण कळत नाही. मला एकदा गवतावर धावून बघायचंय," म्हणालास. बाबा म्हणाले, "ज्या गवतावर तुझ्या आईला टेकता येत नाही, त्यावर तू धावणार? धाव. पण मग तिकडेच राहा." त्यानंतर गल्लीत तुला कुणी 'भेले' म्हणून कुळाच्या नावाने हाक मारेना. ज्या म्हाताऱ्यांनी तुला पाठीवर बांधून वाढवलं त्याही नुसतं "ए बोनिसिले" म्हणायच्या, आणि काही तर तेवढंही नाही. आईच्या प्रार्थनामंडळातल्या बायका आपल्या घरचा चहा टाळायला लागल्या. खरं सांगू? बाबांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि पूर्णपणे आजही वाटत नाही. गल्लीतली पोरं तुरुंगात मार खात होती. तू त्यांच्या वैऱ्यांबरोबर जेवत होतास. मीही तुझ्यावर खूप रागावले होते रे.

पण आईचं मयत मला अजून जाळतं. चळवळीतली पोरं दाराशी आली, टोप्या काढून, अगदी अदबीने. "भेले, तो आला तर मातीला आमच्यातलं कुणी येणार नाही. तुम्ही ठरवा." बाबांनी ठरवलं. तुला निरोप गेला. मग अख्खी गल्ली आली, बायकांनी रात्रभर गाणी म्हटली, मोठमोठ्या पातेल्यांत मक्याच्या कण्या शिजल्या, आईला साजेसं सगळं झालं. आणि तू रस्त्यापलीकडे पेट्रोल पंपाशी उभा होतास, उन्हात, काळा कोट घालून. मी तुला पाहिलं आणि मान फिरवली. बाबांनीही पाहिलं होतं, हे त्यांनी मला आत्ता, या हिवाळ्यात सांगितलं. म्हणाले, "कोट बाह्यांना आखूड झाला होता त्याला."

आता जूनमधलं ऐक. विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि समोर कोण, तर न्यूझीलंड! चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता. बाबा यायला तयार नव्हते, मी ओढत नेलं. हॉलमध्ये पाऊल ठेवलं तर आपलीच पोरं हिरव्या जर्सीत, गालावर नवा झेंडा रंगवून. परवापरवापर्यंत त्या जर्सीचं कुणी पायपुसणंही केलं नसतं. राष्ट्राध्यक्षसुद्धा तीच जर्सी घालून मैदानात आले, तेव्हा बाबा स्वतःशीच पुटपुटले, "यांनीही?" सामना सुरू झाला. न्यूझीलंडवाल्याने पहिली लाथ मारली, चेंडू खांबांमधून पार गेला, आणि बाबा खुर्चीवरून ताडकन उठले, दोन्ही हात वर, "शाब्बास रे पठ्ठ्या!" सगळा हॉल वळून बघायला लागला. मग असा काही हशा पिकला! शेजारची थांडी ओरडली, "आजोबा, पार्टी बदलली! आता हिरवे आपले!" बाबांनी तिला विचारलं, "कधीपासून?" लोक आणखीच खिदळले. पण बाबा थट्टा करत नव्हते, बोनिसिले. त्यांना खरंच कुणी सांगितलं नव्हतं. ते खाली बसले आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत मांडीवर हात ठेवून नुसते बघत राहिले.

हिरवे जिंकले. त्या संध्याकाळी गोऱ्यांच्या गाड्या आपल्या वस्तीत शिरल्या, हॉर्न वाजवत, आणि कुणी दगड मारला नाही. अर्ध्या चड्डीतल्या एका दांडग्या बाप्याने मला अशी मिठी मारली की डोक्याचा रुमाल सुटला, आणि मी, तुझी तोंडाळ बहीण, त्याला शिव्या द्यायच्या सोडून हसत सुटले. सोमवारी इस्पितळात गोऱ्या हेड नर्सने मला विचारलं, "पाहिलास ना सामना?" इतकी वर्षं ती मला फक्त चादरी किती धुतल्या एवढंच विचारायची. आम्ही दोघींनी चहा थंड होईपर्यंत गप्पा मारल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा चादरी सुरू झाल्या, ते सोड. पण त्या दिवसाचा आनंद खोटा नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी जेवण बाजूला सारलं. म्हणाले, "आज सगळा देश पलीकडे गेला, झोलेका. नाचत गेला. माझा पोरगा आधी गेला आणि एकटा गेला." मी म्हटलं, "बाबा, तेव्हाची वेळ वेगळी होती." "होती ना. माझंही बरोबरच होतं तेव्हा. पण आज सगळ्यांना माफी झाली. ज्यांनी आपल्याला जाळीत कोंडलं त्यांनाही. मग एकट्या माझ्याच पोराला बाहेर का ठेवलं मी?" आणि ते रडले. आईच्या मयतातही न रडलेला माणूस, टेबलावर डोकं टेकून रडला.

म्हणून हे लिहिते आहे. किंबर्लीहून तुझ्या अपघाताची तार आली, तेव्हा बाबांनी ती घडी करून ठेवून दिली आणि आपल्यातलं कुणी गेलं नाही. तू खेळायचास त्या तिथल्या क्लबाच्या गोऱ्यांनीच तुला पुरलं. गेल्या महिन्यात बाबा आणि काका, मेलेल्याला जिच्यावर बसवून घरी आणतात ती बोरीची काटेरी फांदी घेऊन तुझ्या थडग्याशी आले होते, तुला माहीतच आहे. काका म्हणाले, "भेले, बोल. बापाने तोंडाने बोलावल्याशिवाय मेलेलं लेकरू फांदीबरोबर कसं येईल?" बाबांनी दोनदा तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. रिकामी फांदी घेऊन परत आले, आणि बसमध्ये तुझ्यासाठी धरलेली जागाही रिकामीच आली. तेव्हा मी म्हटलं, "तुम्हाला बोलता येत नसेल तर मी लिहून देते, तुम्ही वाचा." त्यांच्याबद्दलचं हे सगळं त्यांनाच मोठ्याने वाचायला लागतंय, लाज वाटत असेल. वाटू दे. तू आत्ता ऐकतोयस तो आवाज बाबांचाच आहे, भेले. चौदा वर्षांनी ते तुझ्याशी बोलताहेत. अडखळले तर रागावू नकोस. त्यांनी फांदी उचलली की ऊठ आणि त्यांच्याबरोबर चल.

तुझीच थोरली,
झोलेका